काकवी भरायची कशात?

पहिली बाटली ललिताच्या हातात असतानाच आक्रसली. नरसाळ्यातून गरम काकवी आत पडत होती, बाटली गळ्यापर्यंत भरत आली होती, आणि एकाएकी तिची कंबर आत गेली, एक खांदा खाली आला, आणि वर चढलेली काकवी नरसाळ्याच्या काठावरून ललिताच्या मनगटावर उतरली. ती ओरडली, पण तिनं बाटली सोडली नाही. सोडली असती तर फरशीवर पडली असती, आणि फरशी तिलाच पुसायची होती.

दुसरी बाटली तिनं लांब धरून भरली. तीही वाकडी झाली. तिसरीचं बूड फुगून गोल झालं, ती उभीच राहीना. शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण ललिता चिडली की थांबायची नाही, उलट तिचे हात जास्त जोरात चालायचे. तिनं दहाच्या दहा बाटल्या भरल्या, झाकणं पिळून लावली, आणि मग मनगट नळाखाली धरून त्या वाकड्यातिकड्या रांगेकडे बघत उभी राहिली.

संध्याकाळी तिचा नवरा विश्वास ऑफिसातून आला. बूट काढता काढता त्याची नजर ओट्याकडे गेली. जवळ येऊन त्यानं एक बाटली उचलली आणि उलटी करून तिचं बूड पाहिलं.

"पीईटी आहे," तो म्हणाला. "सत्तर अंशांच्या पुढं मऊ पडतं हे. किती गरम भरलीस?"

"पंच्याऐंशी."

"मग होणारच."

विश्वास बनसोडे वीस वर्षं प्लास्टिकवर संशोधन करत होता. कुठलं प्लास्टिक कधी वाकतं, कधी तडकतं, कधी पिवळं पडतं, याच्या जोरावर तर ते कुटुंब पुण्याहून सिंगापूरला आलं होतं. ललितानं भाजलेल्या मनगटावर फुंकर घातली आणि म्हणाली, "हे कालच सांगितलं असतंस तर?"

"तू कुठं विचारलंस? बाटल्या आणल्या म्हणालीस. मला वाटलं, थंड करून भरशील."

"घरात प्लास्टिकचा डॉक्टर, आणि मी बाहेर जाऊन बाटलीची नाडी बघत फिरू?"

विश्वास हसला. हसायला नको होतं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

ही गोष्ट २०१६ सालच्या मार्चमधली. बनसोडे सिंगापुरातल्या हौगांगला, एचडीबीच्या म्हणजे सरकारी घरांच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहायचे. नवरा-बायको आणि तेरा वर्षांची ऋचा. ललिता त्रेचाळीस वर्षांची होती. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, आणि पुण्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलेली. रस, पाक, मळी, राब, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. सिंगापुरात मात्र ती सहा वर्षं डिपेंडंट पासवर होती, म्हणजे कागदोपत्री विश्वासची बायको, एवढीच. सुरुवातीला तिनं नोकरीसाठी चिक्कार अर्ज केले. एका ठिकाणी सांगितलं, शिक्षण जास्त आहे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, इथला अनुभव नाही. तिसरीकडून उत्तरच आलं नाही. मग तिनं अर्ज करणं सोडून दिलं, आणि ते सोडल्याचा राग तेवढा धरून ठेवला.

फेब्रुवारीत बिशानला निशिकांत गजभियेंच्या फ्लॅटवर बैठक झाली होती. बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती होती, सिंगापुरातली चाळीसएक मराठी बौद्ध कुटुंबं सतरा एप्रिलच्या रविवारी सेम्बावांगला एका हॉलमध्ये जमणार होती. प्रत्येक घराला आठवण म्हणून काहीतरी द्यावं, असं ठरलं. कुणी कीचेन म्हणालं, कुणी मग. ललिताच्या तोंडून निघून गेलं, "मी काकवी करून देते. प्रत्येक घराला एक बाटली."

"काकवी म्हणजे?" निशिकांत नागपूरचे. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"उसाचा रस आटवत नेला की त्याचा गूळ होतो. गूळ व्हायच्या आधी, मधासारखा असतानाच उतरवला, की ती काकवी. आमच्याकडं भाकरीशी खातात."

कार्यक्रमाची सगळी जबाबदारी सविताताईंकडे होती. बाई वाईट नव्हत्या, पण प्रत्येक गोष्टीत आधी खड्डा शोधायच्या. "घरची वस्तू चाळीस घरांत द्यायची म्हणजे टिकेल ना गं?" त्यांनी विचारलं. "लहान मुलं असतात. कुणाचं पोट बिघडलं तर?"

"ताई, मी अकरा वर्षं साखरेच्या लॅबमध्ये होते."

"हो गं, ते तेव्हा." त्या सहज म्हणाल्या. "आणि काच नको हं. मागच्या वर्षी लोणच्याची बरणी फुटली आणि कुणाच्या तरी पोराच्या पायात काच गेली. प्लास्टिकमध्येच दे."

'ते तेव्हा' हे दोन शब्द ललितानं बिशानपासून हौगांगपर्यंत चघळले.

काकवीच का, हे तिनं बैठकीत सांगितलं नव्हतं. तिचे वडील, आबा, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात पाटलांच्या गुऱ्हाळावर सव्वीस हंगाम कामाला होते. काम चुलवाणाचं, म्हणजे भट्टीचं. वर मोठ्या काहिलीत रस उकळायचा, तिच्या काठावर गूळ करणारा गुळव्या उभा असायचा, आणि खाली खड्ड्यात बसून आबा चुलवाणात चिपाडं सारायचे. काहिलीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. का नव्हती ते गावात कुणी बोलून दाखवत नसे, आणि कुणाला विचारावंही लागत नसे. त्यांचं नाव यादव, गुऱ्हाळावर मात्र यादू. हंगाम संपला की तेलाच्या रिकाम्या डब्यात त्यांना काकवी मिळायची, तीही वरून ओतलेली. तो डबा डोक्यावर घेऊन घरी येणारे आबा ललिताला लख्ख आठवत. म्हणून चाळीस घरांना काकवी द्यायची तर ती आपण शिजवलेली, आपण भरलेली, हे तिनं मनाशी धरलं होतं. ते कुणाला सांगायची तिला गरज वाटली नव्हती.

दहा बाटल्या वाया गेल्या तरी अजून महिना हातात होता. विश्वासनं सुचवलं, थंड करून भर. ललिताला ते पटलं नाही. गरम भरली की बाटली आतून निर्जंतुक होते, थंड भरली की झाकणाखालची हवाच घात करते, हे तिला पाठ होतं. पण बाटली वाकण्यापेक्षा ते बरं, असं म्हणून तिनं पुन्हा घाट घातला.

रस मिळायचा तो हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, लिम अंकलच्या स्टॉलवर. साठीचे अंकल उसाच्या सोललेल्या कांड्या यंत्रात घालायचे, बर्फ आणि लिंबू घालून ग्लास पुढे करायचे. ललितानं पंचेचाळीस लिटर मागितला, तोही बिनबर्फाचा, बिनलिंबाचा, तेव्हा त्यांनी यंत्रच बंद केलं.

"यू ओपन शॉप आह?"

"नो अंकल, कुकिंग."

"कुक? शुगरकेन ज्यूस कुक? व्हाय?"

बैठकीत समजावलं ते कमी होतं. पण रस त्यांनी दिला, आणि ट्रॉलीवर चढवायला हातही लावला.

रसातला मळ धरायला ललितानं भेंडी कुटून पाण्यात कुस्करली आणि तो चिकट रस उकळत्या पातेल्यांत घातला. मळी वर आली, ती तिनं झाऱ्यानं काढली, पुन्हा पुन्हा काढली. दिवसभर दोन्ही शेगड्या पेटत्या होत्या, वर एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं, ऋचाच्या वह्यांची पानं लिबलिबीत झाली. थर्मामीटरनं एकशे पाच अंश दाखवले तशी ललितानं गॅस बंद केला. काकवी झाकून थंड होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी नव्या चाळीस बाटल्यांत भरली. एकही बाटली वाकली नाही. तिनं एक बाटली खिडकीशी धरली. तांबूस, आरपार, जुन्या पितळेला उजेड लागावा तशी. दहा दिवस ललिता येता-जाता कपाट उघडून त्या रांगेकडे बघत होती.

अकराव्या दिवशी दुपारी ऋचा डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. कपाटात फाटकन आवाज झाला.

"आई! समथिंग एक्स्प्लोडेड!"

ललितानं कपाट उघडलं. एका बाटलीचं झाकण उडालं होतं आणि फेस वरच्या फळीपर्यंत गेला होता. बाकीच्या बाटल्या फुगून टणक झाल्या होत्या, बुडं बाहेर आल्यानं एकमेकींवर रेलल्या होत्या. मुंग्यांना खबर आधीच लागली होती, त्यांची ओळ भिंतीवरून थेट शेजाऱ्यांच्या दाराकडून आली होती. ललितानं बोट बुडवून चाखलं. आंबट. वास ताडीचा.

तिनं एकेक बाटली सिंकमध्ये उघडली. प्रत्येक झाकण सुटताना फुस्स करायचं. विसाव्या फुस्सला ऋचा दारात येऊन म्हणाली, "आई, जस्ट गिव्ह कीचेन लाह. हू केअर्स?"

"मला पडलंय!" ललिता इतक्या मोठ्यानं ओरडली की पोरगी दोन पावलं मागे सरली. "तुला, तुझ्या बाबाला, कुणाला नसेल पडलं. मला पडलंय!"

ऋचा खोलीत निघून गेली. ललितानं उरलेल्या बाटल्या रिकाम्या केल्या. पोरीवर ओरडल्याची लाज, आणि फुकट गेलेल्या रसाचा संताप, यातलं आधी काय निस्तरावं ते तिला कळेना. शेवटी तिनं दार ढकलून ऋचापुढे चिरलेला आंबा ठेवला. ऋचानं तो वहीतून मान वर न काढता खाल्ला.

रविवारी आबांचा फोन आला. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, गावात ललिताच्या भावाकडे असत, आणि काकवीचा घाट त्यांना ठाऊक होता. ललितानं इकडचं तिकडचं बोलून वेळ काढला, पण आबांना तिच्या आवाजातला फरक लगेच कळायचा.

"काकवीचं काय झालं गं?"

"आंबली, आबा. सगळीच्या सगळी."

"मग पातळ ऱ्हायली आसंल."

"नाही हो. एकशे पाच अंशांवर उतरवली. बरोबर तेवढ्यावरच उतरवतात."

"अंश-बिंश मला काय कळत न्हाईत," आबा म्हणाले. "आवाज कसा येत हुता?"

आवाज तिनं ऐकलाच नव्हता. एक्झॉस्ट फॅनखाली काय ऐकणार?

"रस आसतोय तवर खळखळतो," आबा सांगू लागले. "मग सळसळतो. काकवी व्हायला आली की फदफद कराया लागती, पर दमानं, म्हातारं माणूस जिना चढतं तशी. मी खाली बसून ऐकायचो. वर गुळव्या 'उतरवा' म्हणायच्या आधी मला कळल्यालं आसायचं. कधी कधी त्यो उशिरानं म्हणायचा, तर मीच जाळ कमी करायचो. त्येला वाटायचं, नशीब त्येचं."

फोन ठेवल्यावर ललिता ओट्याशी गेली. मग तिनं एका पातेल्यात साधं पाणी उकळत ठेवलं आणि खळखळ उकळी फुटल्यावर थर्मामीटर बुडवला. साधं पाणी शंभरावर उकळतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. थर्मामीटर एकशे तीन दाखवत होता.

तिनं गॅस बंद केला. अकरा वर्षं लॅबमध्ये तिनं रोज सकाळी आधी उपकरण तपासलं होतं, मग काम केलं होतं. नव्या मुलांना त्यावरून झापलं होतं. आणि इथं केकच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या काडीवर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला. तीन अंश कमी, म्हणजे काकवी पाणचट, म्हणजे आंबणारच. बाटलीचा दोष निम्मा होता, निम्मा तिचा. 'ते तेव्हा,' सविताताई म्हणाल्या होत्या. ते खरं ठरवायला तिनं स्वतःच हातभार लावला, हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

आता तीन आठवडे राहिले होते. काकवी घट्ट करायची आणि गरमच भरायची, एवढं नक्की. पण कशात? विश्वासनं एव्हाना मनावर घेतलं होतं. "बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो," त्यानं सांगितलं. "एक असला तर ठेवून दे. दोन किंवा पाच असला तर घे. पाच सगळ्यात उत्तम."

ललितानं हौगांगमधलं एकही भांड्यांचं दुकान सोडलं नाही. शेल्फसमोर उभी राहून ती बाटल्या उलट्या करत सुटली. एक, एक, एक. एका दुकानातल्या आंटी तिच्या मागं मागं फिरून उलट्या बाटल्या सुलट्या करत होत्या. एका ठिकाणी दोन आकडा मिळाला, पण बाटली पांढरीफेक, फिनेलची असावी तशी. दुसऱ्या ठिकाणी पाच मिळाला, पण ते लोक पाचशेचं खोकं फोडून द्यायला तयार नव्हते. विश्वासनं एका कंपनीला नमुने पाठवायला मेल केली, तिचं उत्तर आलं की सुट्टीनंतर बघू. कुठली सुट्टी, ते मेलमध्ये नव्हतं.

एका दुपारी ती असाच फेरा मारून रिकाम्या हातानं हॉकर सेंटरमध्ये बसली. लिम अंकलच्या शेजारी सूपचा स्टॉल होता. तिथली बाई उकळत्या हंड्यातून डाव भरायची आणि वाफाळतं सूप थेट पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ओतायची, वर झाकण दाबायची, डबा पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. डबा वाकत नव्हता. ललिता सहा वर्षं ते बघत होती. घरी असे डबे धुऊन धुऊन तिनं त्यात जिरं-मोहरी भरून ठेवली होती.

ती उठली, एक सूप पार्सल घेतलं आणि स्टॉलसमोरच डबा डोक्याच्या वर धरून खालून पाहिला. त्रिकोण. त्यात पाच.

"व्हाय यू लूक अंडर?" लिम अंकलनी विचारलं. "गॉट कॉक्रोच?"

घरी गेल्यावर तिनं तो डबा विश्वाससमोर आपटला. "हा पाच आहे."

विश्वासनं चष्मा वर केला. "हो, पीपी. टेकअवेचे डबे सगळे पीपीच असतात."

"तुला माहीत होतं?"

"तू बाटली म्हणत होतीस ना," विश्वास म्हणाला.

त्या रात्री ललितानं जेवण वाढलं, पण वाढलं ते पातेलं टेबलावर ठेवून.

शेवटचा प्रयत्न नऊ एप्रिलच्या शनिवारी करायचा होता. सकाळी सातला ट्रॉली घेऊन ती गेली तर अंकलचं यंत्र उघडं पडलेलं, आतला पट्टा तुटलेला. "टुमॉरो," अंकल म्हणाले. काही इलाज नव्हता. रविवारी त्यांनी स्टॉल उघडायच्या आधी येऊन तिचा रस काढून ठेवला, न सांगता.

साडेतीनच्या सुमाराला दोन्ही पातेली आटून एका मोठ्या पातेल्यात आली. ललितानं एक्झॉस्ट फॅन बंद केला. घरात भट्टी पेटल्यासारखं झालं. फोन पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यावर उभा केला आणि आबांना लावला. तिकडे दुपारचा एक वाजला होता.

"आबा, ऐकू येतंय?"

"जवळ धर जरा. हां. अजून खळखळतोय. जाळ हाय तसाच ऱ्हाऊ दे."

विश्वास आणि ऋचा दारात येऊन उभे राहिले. ललिता ढवळत होती, घाम हनुवटीवरून टपकत होता. वीस मिनिटांनी आबा म्हणाले, "सळसळ लागली. आता कमी कर. आनी कमी." रसाचा रंग गडद होत होता, बुडबुडे मोठे आणि जड होऊ लागले होते. एक फुटला की दुसरा जरा विचार करून फुटायचा.

"आबा?"

फोन तुटला होता.

ललितानं चिकट बोटानं पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. पलीकडून बाई इंग्रजीत काहीतरी सांगू लागली. "बाबाच्या फोनवरून लाव!" ललिता ऋचावर ओरडली. ऋचानं विश्वासच्या हातातून फोन घेतला, नंबर दाबला, आणि स्पीकर लावून थेट पातेल्याशी धरला.

"आजोबा, ऐका!" एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी पोरगी मराठीत ओरडली.

पलीकडे श्वासाचा आवाज आला. मग आबांचा, एकदम मोठा, "उतरव! उतरव आता, उतरव!"

विश्वासनं पातेल्याचा एक कान धरला, ललितानं दुसरा. पातेलं खाली आलं. थर्मामीटर, तीन वजा करून, एकशे सहा दाखवत होता.

"झाली का?" आबांनी विचारलं.

"झाली, आबा."

"बरं. ठेवतो मग. जेवायचं ऱ्हायलंय माजं."

सव्वीस हंगामांत 'उतरव' हा शब्द आबांनी एकदाही उच्चारला नव्हता. ललिताच्या ते मनात आलं, पण रडायला वेळ नव्हता, काकवी गरम होती तोवर भरायची होती. सूपवालीच्या डब्यांसारखे विकत आणलेले चाळीस डबे एका ओळीत मांडले. ती डावानं ओतत गेली, ऋचा झाकणं दाबत गेली. एकही डबा वाकला नाही. विश्वासनं गार झालेला एक डबा कौतुकानं उचलला, हवा आत जात नाही ना हे बघायला आडवा केला, आणि झाकणाच्या कडेनं काकवीची बारीक धार त्याच्या शर्टावर आली.

ललितानं त्याच्याकडे पाहिलं. मग चिकटपट्टीचं रीळ त्याच्या हातात दिलं.

सतरा तारखेला ते टॅक्सीनं सेम्बावांगला निघाले. तिघांच्या मांडीवर तीन खोकी, आडवी होऊ नयेत म्हणून तिघंही ताठ. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की ललिता "हळू!" म्हणायची, त्याला मराठी येत नव्हतं. पोचेपर्यंत तीन डबे पाझरले.

हॉलमध्ये गर्दी होती, वंदना झाली, भाषणं झाली, मुलांनी गाणी म्हटली. काकवीची खोकी दाराजवळच्या टेबलावर होती. जाता-येता लोक बघायचे. "चिली सॉस आहे का?" एकानं विचारलं. दुसऱ्याला वाटलं, जेवणातलं सूप, त्यानं चमचा शोधला. निशिकांत आभार मानायला उभे राहिले, हॉलचे मानले, माइकवाल्याचे मानले, जेवण आणणाऱ्यांचे मानले. काकवीचं नाव घ्यायला विसरले. लोक चपला घालू लागले. ललितानं एक खोकं उचललं आणि दारात आडवी उभी राहून एकेका हातात डबा कोंबू लागली. "काकवी आहे. उसाची. घरी केलीय. सरळ धरा." काहींनी थँक्यू म्हटलं, काहींनी न ऐकताच घेतला. एक डबा पायऱ्यांवर कुणीतरी ठेवून गेलेला नंतर सापडला.

सविताताई सगळ्यात शेवटी निघाल्या. त्यांनी चिकटपट्टी सोलली, झाकण उघडलं, करंगळी बुडवून तोंडात घातली.

"घट्ट आहे गं," त्या म्हणाल्या. तेवढंच. मग आणखी एक डबा उचलून पिशवीत टाकला.

सहा डबे उरले. एमआरटीच्या मेट्रोनं परत येताना विश्वास म्हणाला, "एकतीस तर गेले."

"चाळीस म्हटलं होतं मी."

बिशानला गाडी बदलेपर्यंत दोघं त्यावरून भांडले. ऋचानं कानात हेडफोन घातले.

पुढच्या रविवारी आबांनी विचारलं, "लोकांनी खाल्ली का?"

"खाल्ली असेल. एकीचा फोन आला होता, डोशावर घातली म्हणाली."

"कशावर?"

"डोशावर, आबा."

"घालू दे. पोटातच गेली न्हवं." आबा म्हणाले. "भांड्याचं बूड लागलं का?"

"लागलं. पंधरा दिवस घासतेय, निघत नाही."

"मग शेवटाला जाळ जास्त झाला तुजा."

"जाळ नाही हो तो. गॅस आहे. मी केला होता कमी, तुम्ही सांगितला तेवढा."

"त्येच त्ये. मी सांगायच्या आधी कमी कराय पायजे हुता," आबा म्हणाले, आणि पुढची पंधरा मिनिटं चिपाडं किती घालायची, ओली कधी, सुकी कधी, हे सांगत बसले. ललिता करपलेलं पातेलं सिंकमध्ये धरून, हातात घासणी घेऊन, मधून मधून "पण आबा" म्हणत ऐकत राहिली.